छापा पडल्यानंतर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली. तरी रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की एक प्रश्न हमखास येतो. “काय साहेब, फुटपाथवर चोरून छापलेली पुस्तकं उघड उघड विकतात. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांचा नकली माल मिळतो. आम्हाला दिसतं, मग पोलिसांनाच कसं दिसत नाही?” नोकरीत होतो तेव्हा मी हसून वेळ मारून नेत असे. आज मात्र या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

पोलिसांना दिसतं आणि छापेही पडतात. पण छापा पडला, दुसऱ्या दिवशी पेपरात जप्त मालाचा फोटो आला, की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. कित्येक वर्षं मलाही तसंच वाटत होतं. माझा हा समज एका हरलेल्या खटल्याने घालवला. त्या खटल्याबद्दल सांगण्याआधी थोडी कायद्याची ओळख करून घेऊ.

एखाद्या कंपनीचं नाव किंवा चिन्ह दुसऱ्याने आपल्या मालावर लावलं, तर तो नकली माल. तिथे ट्रेड मार्क कायदा लागतो. हा कायदा १९९९ सालचा, पण तो अमलात आला १५ सप्टेंबर २००३ रोजी. पुस्तक, गाणं, सिनेमा, संगणकाचा प्रोग्रॅम यांच्या प्रती मालकाला न विचारता काढून विकल्या, तर ती पायरसी. तिथे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो. दोन्हींत मुख्य गुन्ह्याची शिक्षा सारखीच आहे. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. न्यायालयाला काही विशेष कारण दिसलं, तर ते शिक्षा याहून कमी करू शकतं. जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार १ जानेवारी १९९५ पासून अस्तित्वात आला. व्यापारी प्रमाणावर जाणूनबुजून चालणाऱ्या अशा नकलेवर फौजदारी कारवाईची सोय सदस्य देशांनी ठेवली पाहिजे, असं त्यातलं ६१वं कलम सांगतं. म्हणजे हा केवळ दोन व्यापाऱ्यांमधला दिवाणी तंटा राहिलेला नाही. यात सरकारला उतरावंच लागतं.

सरकार उतरतं म्हणजे प्रत्यक्षात कोण उतरतं? बहुतेक वेळा पोलीस ठाण्यातला एखादा फौजदार, दोन हवालदार आणि पंच म्हणून आणलेले दोन इसम. आणि इथेच दोन कायद्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कॉपीराइट कायद्याच्या ६४व्या कलमाने फौजदाराच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाही वॉरंटशिवाय चोरट्या प्रती जप्त करता येतात. ट्रेड मार्क कायद्यात तसं नाही. तिथे ११५व्या कलमानुसार झडती आणि जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्याच्या बरोबरीच्या अधिकाऱ्यानेच करायची, आणि तीही ट्रेड मार्क रजिस्ट्रारचं मत आधी घेऊन.

हा फरक का, असं तुम्ही विचाराल. एखादं पुस्तक दुसऱ्या पुस्तकाची प्रत आहे की नाही, हे दोन्ही शेजारी ठेवले की साध्या माणसालाही कळतं. एका डब्यावरची खूण दुसऱ्या डब्यावरच्या खुणेशी फसवणूक व्हावी इतकी मिळतीजुळती आहे का, हा मात्र वादाचा विषय असू शकतो. उद्या एखादी बडी कंपनी साधारण सारख्या नावाच्या छोट्या कारखानदारावर पोलीस घालू लागली, तर? म्हणून कायद्याने ही पायरी ठेवली. हे मी आज शांतपणे सांगतो आहे. २००५ साली मला ही पायरी म्हणजे कागदी घोडे वाटली होती.

तेव्हा मी एका जिल्ह्याच्या गावी फौजदार होतो. गावाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही. एके दिवशी एका कंपनीचा प्रतिनिधी ठाण्यात आला. रिक्षा आणि मोटारसायकलींना लागणारे ब्रेक लायनर ही कंपनी बनवत असे. त्याने टेबलावर दोन डबे ठेवले. रंग तोच, नाव तेच. मग त्याने नकली डब्यातला ब्रेक शू काढला आणि माझ्याच टेबलावरच्या पेपर कापायच्या सुरीने त्यावरचं लायनर उचकटलं. ते पापडासारखं सुटून आलं. “साहेब, उतारावर भरलेल्या रिक्षाचा ब्रेक दाबला, तर काय होईल?” एवढंच तो म्हणाला.

मला रागच आला. माझा धाकटा भाऊ तेव्हा मोटारसायकलवरून रोज घाटातून ये-जा करायचा. उपअधीक्षक साहेब दुसऱ्या गावी बंदोबस्तात होते. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “कायद्याने काय लागतं ते बघून घे, आणि जा.” मी फक्त ‘जा’ एवढंच ऐकलं. रजिस्ट्रारचं मत मागवायचं, तर पत्र जाणार, उत्तर येणार, तोवर माल हलणार, असं कंपनीचा माणूस सांगत होता, आणि मलाही ते पटत होतं. संध्याकाळी दुकानावर छापा घातला. तीनशे चौदा डबे मिळाले. पंचनामा केला, लाखेची सीलं लावली, लेबलांवर पंचांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो छापून आला. डब्यांच्या ढिगामागे मी उभा. आईने तो फोटो कापून ठेवला होता.

खटला उभा राहिला सहा वर्षांनी. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत मला दोनच प्रश्न विचारले. “झडती घेतली तेव्हा आपला हुद्दा काय होता?” मी सांगितलं, “पोलीस उपनिरीक्षक.” “रजिस्ट्रारचं मत घेतलं होतं का?” मी सांगितलं, “नाही.” ते खाली बसले. डबे नकली नव्हते, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. त्यांना तसं म्हणायची गरजच नव्हती. कंपनीचा तो प्रतिनिधी मधल्या काळात नोकरी सोडून गेला होता. कंपनीने दुसरा माणूस पाठवला, तो एका तारखेला आला, पुढे आलाच नाही. आरोपी सुटला.

आणि मुद्देमाल? गुन्हा शाबित झाला असता, तर माल सरकारजमा करून नष्ट करता आला असता. पण जप्तीच बेकायदा ठरली, तेव्हा तो ज्याच्याकडून घेतला त्याला परत द्यायचा हुकूम झाला. मुद्देमाल कक्षातून मी आणि एका हवालदाराने ते तीनशे चौदा डबे मोजून टेम्पोत भरले. दुकानदाराने पावतीवर सही केली. तो उद्धट वागला नाही, उलट “चहा घेता का साहेब?” म्हणाला. ते डबे पुढे कुठल्या रिक्षांना लागले असतील, हा विचार बरेच दिवस माझा पाठलाग करत होता. दोष दुकानदाराचा होताच. पण त्या दिवशी तो माल बाजारात परत गेला, तो माझ्या घाईमुळे.

यानंतर मी ते कायदे खरोखर वाचून काढले. तेव्हा कळलं, की मार्ग होता. डब्यावरचं चित्र, त्याची मांडणी हीसुद्धा कॉपीराइट कायद्याने कलाकृती ठरू शकते. त्यासाठी कंपनीने योग्य कागद आणि फिर्याद दिली असती, तर फौजदार म्हणून मी त्या कायद्याखाली कारवाई करू शकलो असतो. किंवा उपअधीक्षक साहेबांना सोबत घेऊन, मत मागवून, चार दिवस दुकानावर पाळत ठेवता आली असती. आणि माझ्या सगळ्यात उशिरा लक्षात आलं, की त्या दुकानदाराला माल कोण पुरवतो, हा प्रश्न मी तपासात एकदाही विचारला नव्हता.

तो प्रश्न मी पुढे २०१२ साली विचारला. या वेळी फिर्याद घेऊन आले होते एक प्रकाशक. प्रकाशक म्हटल्यावर डोळ्यांपुढे मोठं कार्यालय येतं. यांचं म्हणजे एका गल्लीतलं दुकान, मागे पोटमाळा, आणि हिशेब लिहायला त्यांची पत्नी. स्पर्धा परीक्षांची आणि काही कादंबऱ्यांची अशी त्यांची पुस्तकं चांगली खपायची. एका वर्षी जूनमध्ये विक्री एकदम निम्म्यावर आली. पुस्तक तर सगळ्या मुलांच्या हातात दिसत होतं. मग त्यांनी फुटपाथवरून स्वतःचंच पुस्तक निम्म्या किमतीत विकत घेतलं.

त्यांनी दोन्ही प्रती माझ्यापुढे ठेवल्या. चोरट्या प्रतीचा कागद पातळ होता, पुठ्ठ्यावरचा फोटो फिकट होता, बांधणी मध्येच उकलत होती. पण त्यांनी दाखवलेली खूण निराळीच होती. पहिल्या आवृत्तीत एका पानावर एक सनावळी चुकली होती, ती त्यांनी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केली. चोरट्या प्रतीत मात्र तीच जुनी चूक जशीच्या तशी होती. म्हणजे पहिल्या आवृत्तीचं पुस्तक घेऊन त्यावरूनच ती छपाई झाली होती. याहून चांगला पुरावा कुठला असणार? वर, चुकीची सनावळी पाठ करून परीक्षेला बसलेल्या मुलांचं नुकसान झालं ते वेगळंच.

फुटपाथवर पुस्तकं विकणारा विशीतला मुलगा होता. त्याला उचलणं अगदी सोपं होतं. पेपरात फोटोही आला असता. पण त्याचा गठ्ठा जप्त करून काय झालं असतं? दुसऱ्या आठवड्यात तिथे दुसरा मुलगा बसला असता. आम्ही पंचांसमक्ष एक प्रत विकत घेतली आणि त्याला न दुखवता माल कुठून येतो ते बघत राहिलो. गठ्ठे एका ट्रान्सपोर्टने यायचे. तिथल्या बिल्टीवरून गोदाम सापडलं, गोदामावरून बाइंडर आणि बाइंडरवरून दुसऱ्या तालुक्यातला छापखाना. दिवसा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, रात्री पुस्तकं, असं त्याचं वेळापत्रक. ६४व्या कलमात प्रतींबरोबर त्या छापायच्या प्लेटांचाही उल्लेख आहे. ते कलम मी या वेळी खिशात घेऊनच गेलो होतो. छपाईच्या प्लेटा, न बांधलेले फॉर्म, बांधलेली पुस्तकं असं सगळं जप्त झालं. अशी प्लेट जाणूनबुजून बनवणं किंवा बाळगणं हाही ६५व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

तुम्हाला वाटेल, आता शिक्षा नक्की. तशी ती झाली नाही. विक्रेत्या मुलाला आम्ही साक्षीदार केलं होतं. तो कोर्टात फितूर झाला. मला त्याचा राग आला नाही. त्याला त्याच फुटपाथवर, त्याच लोकांमध्ये दुसऱ्या दिवशी बसायचं होतं. पुराव्याची साखळी एका ठिकाणी तुटली आणि छापखानावाला संशयाचा फायदा मिळून सुटला.

पण कॉपीराइट कायद्यात ६६वं कलम आहे. आरोपीला शिक्षा होवो न होवो, चोरट्या वाटणाऱ्या प्रती आणि प्लेटा मूळ मालकाच्या स्वाधीन करायचा हुकूम न्यायालय देऊ शकतं. सरकारी वकिलांनी ते कलम दाखवलं. तसा अर्ज करायला प्रकाशक स्वतः हजर होते. पहिल्या तारखेपासून एकूण अकरा वेळा ते आले होते. दर वेळी दुकान बंद ठेवून, हातात कराराची आणि पहिल्या आवृत्तीची पिशवी घेऊन. ते आले नसते, तर माल कुणाच्या स्वाधीन करायचा, हा प्रश्नच उरला असता.

त्यांनी प्लेटा भंगारात घातल्या. पुस्तकं मात्र गोदामात तशीच पडून होती. ती लगद्याला द्यायची, हे त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाले, “साहेब, छापलेलं पुस्तक लगद्यात घालायला हात होत नाही हो. पण चुकीची सनावळी आहे, विकूही शकत नाही.” शेवटी दिलीच. छापखान्यात ती पुस्तकं पुन्हा छापली गेली नाहीत. प्लेटाच उरल्या नव्हत्या, आणि छपाई करणाऱ्याला कळलं होतं, की हा माणूस अकरा तारखांना येतो.

हीच गोष्ट बंदरावरही दिसते. माझे एक मित्र कस्टम्समध्ये होते. परदेशातून येणारा नकली माल सीमेवरच अडवता यावा, म्हणून ८ मे २००७ रोजी केंद्र सरकारने नियम केले. त्यानुसार हक्काच्या मालकाने आपला ट्रेड मार्क किंवा कॉपीराइट कस्टम्सकडे नोंदवून ठेवायचा. संशयास्पद कंटेनर आला, की अधिकारी माल रोखून धरतात आणि मालकाला कळवतात. मालकाने साधारणपणे दहा कामकाजी दिवसांत पुढे येऊन कारवाईत सहभागी व्हायचं. ही मुदत आणखी दहा दिवस वाढू शकते. नाशवंत मालाला तीनच दिवस. माल नकली ठरला, तर तो सरकारी देखरेखीखाली नष्ट होतो. आपण प्रवासात स्वतःपुरत्या आणलेल्या किरकोळ वस्तूंना मात्र हे नियम लागत नाहीत. मित्र सांगायचे, “कंटेनर उघडतो आम्ही. पण खोटं कुठलं आणि खरं कुठलं, हे सांगायला मालक आलाच नाही, तर दहा दिवसांनी आम्ही काय करायचं?”

मधल्या काळात बरंच बदललं. सीडींच्या पाट्या गेल्या. महाराष्ट्राने २००९ साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओ पायरेट्सचाही समावेश केला. २०१७ साली राज्याच्या सायबर विभागात बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी वेगळं पथक उभं राहिलं. कॉपीराइटच्या ६३व्या कलमाखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन थिएटरात सिनेमा चोरून चित्रित करण्याला कडक शिक्षा आली. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक झालं आहे. माझ्या वेळी हे असतं, तर पंच फुटण्याची भीती निम्मी झाली असती. चोरीही पुढे गेली आहे. आता छापखाना लागत नाही. मोबाइलवरच्या गटात पुस्तकाची पीडीएफ टाकली, की एका रात्रीत हजारो प्रती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक नक्कल हा गुन्हा नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स विकणाऱ्या दुकानावर मोठ्या प्रकाशन संस्थांनी दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिकवण्याच्या ओघात वापरल्या जाणाऱ्या मजकुराला कायद्यानेच मुभा दिली आहे. अभ्यासासाठी चार पानं झेरॉक्स करणारा विद्यार्थी आणि रात्रपाळीत हजार प्रती छापणारा छापखाना, यांना एका मापाने मोजू नये. पोलिसाच्या हातात अधिकार आला, की त्याला सगळ्यात जवळचा, सगळ्यात गरीब माणूस आधी दिसतो. मलाही दिसायचा.

तेव्हा, श्रोतेहो, पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. पोलिसांना दिसत नाही का? दिसतं. पण दिसण्यापासून निकालापर्यंत जायला फिर्यादी लागतो, योग्य हुद्द्याचा अधिकारी लागतो, वेळेवर घेतलेलं मत लागतं, आणि तारखेला उभा राहणारा साक्षीदार लागतो. तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. सुटा भाग घेताना, विशेषतः ब्रेकचा, बिल मागून घ्या आणि जपून ठेवा. नकली निघाला, तर नुसते चरफडू नका. तो भाग, डबा आणि बिल घेऊन कंपनीला लेखी कळवा आणि फिर्याद द्यायला लावा. पुस्तकाच्या बाबतीत तर प्रकाशकाचा पत्ता पहिल्या चार पानांतच असतो. एक पोस्टकार्डही पुरतं.

आईने कापून ठेवलेला तो फोटो अजून माझ्याकडे आहे. तीनशे चौदा डबे आणि त्यामागे ताठ उभा असलेला एक तरुण फौजदार. नव्या पोलीस अधिकाऱ्यांपुढे बोलायची वेळ आली, की मी तो सोबत नेतो. आधी फोटो दाखवतो, आणि मग ते डबे कुठे गेले ते सांगतो.